आज रोख, उद्या उधार

मागच्या वर्षी येळवस, म्हणजे वेळ अमावास्येचा शेतातला सण, होऊन आठ-दहा दिवस झाले असतील. नवी तूर यार्डात यायला लागली होती. मी मिलच्या ऑफिसात बसून नमुन्याचे दाणे दाताखाली धरून बघत होतो. हल्ली ओलावा मोजायचं मशीन आहे, बारा टक्क्यांच्या वर काटा गेला की माल परत. पण दाणा कट् करून मोडला नाही तर माझं मन काही मशीनवर बसत नाही. तेवढ्यात तो पोरगा आला. निलंग्याकडचा, ओळखीतल्या घरातला, बी.एस्सी. ॲग्री केलेला. हातात प्लास्टिकची फाइल. गावात छोटी डाळ मिल टाकायची होती त्याला. सूक्ष्म अन्नप्रक्रिया योजनेतून पस्तीस टक्के अनुदान, दहा लाखांपर्यंत, बँकेचं कर्ज, अकोल्याच्या कृषी विद्यापीठाच्या मिनी डाळ मिलचं कोटेशन, सीएकडून करून घेतलेला पाच वर्षांचा ताळेबंद. पाचव्या वर्षी नफा किती, हे रुपये-पैशांत लिहिलेलं होतं. मी पैशांवर बोट ठेवून हसलो, तोही हसला. मग फाइल मिटली आणि म्हणाला, "काका, कागदावर सगळं बसवलंय. तुम्ही अनुभवाचा एकच सल्ला द्या."

एकच सल्ला द्या म्हटलं की माणूस फुगतो. मी खुर्चीत मागं रेललो आणि म्हणालो, "उधार द्यायचं नाही. कुणालाच नाही. सख्ख्या भावाला पण नाही." त्यानं ते मोबाइलमध्ये टिपून घेतलं. चहा झाला, पाया पडला, गेला. दारापाशी आमचा मुकादम बारदाना मोजत उकिडवा बसला होता. बावीस-तेवीस वर्षांपासून तो आमच्याकडं आहे. त्यानं मान वर केली नाही, बोटं थांबवली नाहीत. पोत्यावर पोतं टाकत म्हणाला, "काय सांगायलाव मालक पोराला. आपलीच चाळीस लाखाची बाहेर हाय."

मी काही बोललो नाही. आकडा बरोबर होता.

आमच्या आप्पांचं लातूरच्या गंजगोलाईजवळ किराणा दुकान होतं. गोलाईला सोळा रस्ते येऊन मिळतात, आणि प्रत्येक रस्त्यानं एकेका गावाची उधारी चालत यायची असं आप्पा म्हणायचे. दुकानात शिरल्या शिरल्या डोक्यावर पाटी: 'आज रोख, उद्या उधार'. निळ्या पत्र्यावर पिवळी अक्षरं, 'धा'च्या कान्यावर पेंटरनं हौसेनं एक फूल काढलेलं. त्या पाटीच्या बरोबर खाली, लाकडी फळीवर, लाल कापडाच्या बांधणीची खतावणी. दिवसभर गिऱ्हाईक वर पाटी वाचायचं आणि खाली नाव लिहून जायचं. लहानपणी मला हा विनोद कळायचा नाही. मी विचारलं होतं, "आप्पा, मग उद्या कधी येतो?" ते म्हणाले, "पाटी त्यांच्यासाठी न्हाय, माझ्यासाठी हाय. मी विसरू नये म्हणून." आणि ती पाटीसुद्धा उधारीवरच रंगवून घेतलेली. पेंटरला रोख पैसे दिलेच नाहीत; त्यानं सहा महिने चहापत्ती आणि साखर नेऊन ती फेडून घेतली. खतावणीत पेंटरचं पान होतं, त्याच्या नावासमोर 'जमा: बोर्ड' असं मोडी वळणाच्या अक्षरात लिहिलेलं मी पाहिलं आहे.

त्या दुकानाचा वास अजून नाकात आहे. गुळाची ढेप फोडली की येणारा, पावसाळ्यात मिठाच्या पोत्याला सुटणारा, आणि या सगळ्याखाली घासलेटचा. सकाळची भवानी रोखीनं व्हायलाच पाहिजे एवढा एकच नियम आप्पा कडक पाळायचे. पहिलं गिऱ्हाईक उधारीचं आलं तर त्याला दहा मिनिटं बसवून घ्यायचे, घरचं विचारायचे, मुलाच्या सोयरिकीचं काढायचे, तोवर कुणीतरी चार आण्याची काडेपेटी रोखीनं नेलेली असायची. मग लगेच खतावणी उघडायची. १९९३ च्या भूकंपानंतर औसा तालुक्याकडची त्यांची काही पानं तशीच राहिली. त्यांनी ती फाडली नाहीत, त्यांच्यावर रेघ मारली नाही, वसुलीलाही गेले नाहीत. दर दिवाळीला नवी वही पुजली की जुन्या बाक्या नव्या वहीत उतरवायच्या असतात. तेवढी पानं मात्र जुन्या वहीतच राहिली. मी तेव्हा पंचविशीत होतो. मनातल्या मनात बेरीज केली होती. आकडा आठवतो, पण आता तो लिहायची लाज वाटते.

१९९८ साली मी डाळ मिल टाकली. टाकली म्हणजे, एमआयडीसीत भाड्यानं शेड घेतलं, इंदूरहून जुना रोलर आणि चाळणी आणली. मशिनरीत सगळे पैसे संपले. हे नव्या माणसाच्या लक्षात येत नाही: मिल उभी राहिली की धंदा उभा राहिला असं वाटतं, पण मिलला रोज तूर लागते, आणि तूर विकत आणावी लागते. घरात मशीन आणि हातात दमडी नाही, अशा अवस्थेत मी यार्डात एका आडतदार मामांच्या गादीवर जाऊन बसलो. ते आप्पांना ओळखायचे. मामांनी पोटलीतली तूर हातावर घेतली, फुंकर मारली, मला दाखवली. मी म्हणालो, "चांगली आहे, पण..." ते म्हणाले, "पण कळलं. किती पोती?" मी भीतभीत पन्नास म्हणालो. त्यांनी मुनीमजींना सांगितलं, "शंभर लिहा." मग मला विचारलं, "मुदत किती लिहू?" मी पंधरा दिवस म्हणालो. ते चष्म्यावरून बघत म्हणाले, "पहिल्यांदा मिल चालवायलास. पंधरा दिवसात तुझा पट्टासुद्धा सरळ चालायचा नाही." आणि तीस दिवस लिहायला लावले. पट्टा खरंच अठराव्या दिवशी तुटला.

त्या शंभर पोत्यांवर माझी मिल उभी आहे. बँकेच्या कर्जावर नाही.

त्या पोराला खरं तर मी हे सांगायला हवं होतं. आणि त्याहून जास्त, चुनीचं, म्हणजे डाळ भरडताना पडणाऱ्या तुकड्या-भुकटीचं. त्याच्या ताळेबंदात शंभर किलो तुरीतून पंच्याऐंशी किलो डाळ धरलेली होती. पुस्तकात तसं असतं. आमच्याकडं सत्तर-बहात्तर निघाली की रात्री झोप लागते. पंचाहत्तरला पोचलो तर ज्यानं तूर आणली त्याचं नाव लक्षात ठेवतो. उरलेलं टरफलाच्या भुशात, चुनीत आणि हवेत जातं. तूर नुसती भरडून डाळ होत नाही. टरफल आणि डाळ यांच्यामध्ये डिंकासारखा चिकट थर असतो, तो सुटत नाही. म्हणून आधी रोलरवर दाण्याला नुसती चीर पाडायची, मग क्विंटलला पाव-अर्धा लिटर तेल चोळायचं, ढीग करून रात्रभर झाकून ठेवायचं, मग खळ्यावर उन्हात पसरायचं. बाया खळ्यावर पाय घासत ओळी पाडत चालतात, तूर खालवर होते, पायांचा खरखर आवाज दुपारभर येत राहतो. दोन-तीन दिवसांनी पाण्याचा हात मारायचा, पुन्हा रोलर, पुन्हा ऊन. बीडीएन ७११ या वाणाची पांढरी तूर एक तऱ्हेनं वागते, लाल तूर दुसऱ्या. आभाळ आलं की आख्खं खळं पळत सुटतं ताडपत्री घेऊन. एवढं करून डाळीवर जो भाव मिळतो तो बहुतेक वेळा तुरीच्या किमतीत, विजेत, हमालीत, बारदान्यात जातो. मालकाच्या हातात उरते ती चुनी आणि भुसा. म्हशीवाले येऊन रोखीनं घेऊन जातात. माझ्या दोन्ही मुलांची शिक्षणं म्हशींनी केली असं मी गमतीनं म्हणतो, पण ती गंमत नाही. ज्या मिलवाल्याला चुनीचा भाव तोंडपाठ नाही त्याच्याकडं मी पोरगी देणार नाही.

तर हे सगळं सोडून मी त्याला सांगितलं, उधार देऊ नको. का सांगितलं असेल? सोपं आहे म्हणून. पाठ करायला बरं, वजनदार वाटतं. आणि माझ्याकडं उधारीच्या जखमा आहेत, त्या दाखवायला मला आवडतं. एक जखम अशी. परराज्यातला एक व्यापारी, तीन वर्षं घड्याळासारखा पैसे पाठवणारा. चौथ्या वर्षी एकदम तिप्पट ऑर्डर दिली. आता मी कुणालाही सांगेन की नियमित माणूस अचानक तिप्पट माल मागतो तेव्हा त्याची भरभराट झालेली नसते. तेव्हा मी पेढे वाटले होते. चेक परत आला. वकिलानं सांगितलं की बँकेचा कागद हातात पडल्यापासून तीस दिवसांत नोटीस गेली पाहिजे, मग त्याला पंधरा दिवस, मग केस. नोटीस वेळेत गेली. केस सहा वर्षं चालली. तारखेला जायचं, वडाखाली चहा प्यायचा, पुढची तारीख घ्यायची. शेवटी निम्म्यावर तडजोड झाली, त्यातला अर्धा खर्चात गेला. आता २०२४ पासून नियम आलाय की छोट्या उद्योगाचे पैसे पंचेचाळीस दिवसांत दिले नाहीत तर देणाऱ्याला त्या वर्षी तो खर्च आयकरात धरता येत नाही. आम्ही खूश झालो. पुढच्याच महिन्यात एका मोठ्या खरेदीदाराच्या माणसानं फोनवर विचारलं, "तुमची छोटा उद्योग म्हणून उद्यम नोंदणी आहे का? नसेल तर बरं पडेल." कायदा आपल्या बाजूनं आला की गिऱ्हाईक दुसऱ्या बाजूला सरकतं.

दुसरी जखम उधारीची नाही, ती मी कुणाला दाखवत नाही. २०१५ च्या दिवाळीत किरकोळ बाजारात तूरडाळ किलोला २०० रुपयांपर्यंत गेली होती. साठ्यावर मर्यादा आल्या, धाडी पडल्या, रस्त्यानं चालताना लोक डाळ मिलवाल्याकडं चोर म्हणून बघायचे. सलग दुसरा दुष्काळ. २०१६ च्या एप्रिलमध्ये मिरजेहून रेल्वेनं लातूरला पाणी आलं. ती गाडी बघायला मीही गेलो होतो, रात्र होती, लोक वाघिणींना हात लावून बघत होते. आणि त्याच उन्हाळ्यात मी क्विंटलला नऊ हजारांच्या आसपास मोजून तीनशे क्विंटल तूर घेऊन गोदामात टाकली. दिवाळीला भाव बारा हजार होणार, हे मी गृहीत धरलं होतं. म्हणजे काय गृहीत धरलं होतं, हे मला फार उशिरा सुचलं: पाऊस पडणार नाही. गावानं देव पाण्यात घालायचे तर घालायला पाणी नव्हतं, आणि मी घरात बसून वेधशाळेचा अंदाज खोटा ठरावा अशी वाट बघत होतो. बायको घागरींची रांग लावून टँकरची वाट बघायची, त्याच घरात. त्या वर्षी पाऊस झाला, आणि असा झाला की जो तो तूर पेरून बसला. नोव्हेंबरात नोटा बंद झाल्या, बाजारात रोकड राहिली नाही. फेब्रुवारीत सरकारचा हमीभाव होता ५,०५० रुपये, आणि खुल्या बाजारात माझी तूर साडेचार हजारांनं गेली. साडेतेरा लाख बुडाले. खरेदी केंद्राबाहेर ट्रॅक्टरांच्या रांगा लागल्या होत्या, शेतकरी रात्री पोत्यांवर झोपायचे. मी त्यांच्या बाजूनं मोटरसायकलवरून जायचो तेव्हा वाटायचं, आपण आज एकाच नावेत आहोत. पण नव्हतो. ते पावसाच्या बाजूनं होते.

त्या पडत्या काळातही मला उभं केलं ते उधारीनंच. आडतदार मामा तोवर वारले होते, त्यांचा मुलगा गादीवर होता. त्यानं विचारलं नाही, आकडा लिहिला, माल पाठवला. मी फेडला, दोन वर्षं लागली. मला वाटायचं ही माझी पत. माझ्या शब्दाला बाजारात किंमत आहे, ती मी कमावलेली आहे. भाषणात मी असंच सांगायचो. हो, मला एक-दोन ठिकाणी भाषणालाही बोलावलं होतं. पण मुकादमाच्या त्या वाक्यानंतर मी रात्री हिशोब करत बसलो, पैशांचा नाही. १९९८ साली मामांनी माझ्याकडं काय बघून शंभर पोती लिहिली? मी तोवर काय कमावलं होतं? काही नाही. त्यांनी आप्पांना बघितलं. घर बघितलं, गोलाईजवळचं दुकान बघितलं, सोयरेधायरे बघितले. हा पळून जाऊन जाणार कुठं, हे बघितलं. माझी पत माझ्या जन्माच्या आधीपासून गादीवर मांडून ठेवली होती, मी फक्त जाऊन बसलो.

मुकादमाची गोष्ट सांगतो. २००९ ची असेल. तेव्हा तो नुसता हमाल होता, पण डोकं चालणारं. एक दिवस संध्याकाळी हातपाय धुऊन, केस विंचरून, ऑफिसच्या दारात उभा राहिला. आत ये म्हटलं तरी उंबऱ्याच्या आत आला नाही. त्याचं म्हणणं होतं, मिलांमधला फाटका बारदाना गोळा करायचा, शिवून घ्यायचा, पुन्हा मिलांना विकायचा. त्याची बायको आणि गल्लीतल्या तीन बाया शिवायला तयार होत्या. एक पोतं शिवायला सुतळी किती, मजुरी किती, विकलं तर काय सुटेल, सगळं त्यानं बोटांवर सांगितलं. त्याला पन्नास हजार पाहिजे होते, वर्षभरात फेडणार होता. हिशोब मी तपासला, चोख होता. त्या फाइलवाल्या पोराच्या ताळेबंदापेक्षा चोख. आणि मी त्याला म्हणालो, "बाबा, धंद्यात उधार देत नसतो मी. नियम आहे आपला." त्या दिवशी माझी बाहेर अकरा लाखांची उधारी होती. तो "बरं मालक" म्हणाला, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी साडेसातला नेहमीसारखा पाठीवर पोतं घेऊन उभा. पुढं मी त्याला मुकादम केलं, पगार वाढवला, पोरीच्या लग्नात आहेर केला. ते सगळं मी देत होतो. देणं सोपं असतं. उधार म्हणजे समोरच्याला 'तू परत देशील' असं म्हणणं आहे, आणि ते मला जमलं नव्हतं. बारदाना शिवून विकायचा धंदा दोन वर्षांनी दुसऱ्या कुणीतरी सुरू केला. आता आम्ही त्याच्याकडूनच पोती घेतो. मुकादम ती मोजून घेतो.

त्या दिवशीही तो तीच मोजत होता.

यंदा वैशाखात निलंग्याच्या बाजूला एका लग्नाला गेलो होतो, गाडीत मुकादम होता. परत येताना म्हटलं, पोराची मिल बघून जाऊ. रस्त्याच्या कडेला पत्र्याचं शेड, समोर शेणानं सारवलेलं खळं, त्याच्यावर पिवळी धमक डाळ. मशीनचा आवाज लहान मुलाच्या खेळण्यासारखा वाटला मला, पण सूर लागलेला होता. तो धावत आला. डाळीचा उतारा विचारला तर म्हणाला, "एकाहत्तर, काका." मी म्हणालो, "आणि ताळेबंदातली पंच्याऐंशी?" तो म्हणाला, "सीएनं खाल्ली." आवडलं मला. मुकादम खळ्यावर गेला होता, वाकून मूठभर चुनी उचलून हातावर चोळत होता, वास घेत होता. पोरानं गुळाचं पाणी दिलं. भिंतीवर नवी कोरी पाटी, फ्लेक्सची, मोठ्या लाल अक्षरांत: 'उधार मागून लाजवू नये'.

म्हटलं, आलोय तर दहा किलो घेऊन जाऊ. डाळ मिलवाल्यानं दुसऱ्याच्या मिलची डाळ विकत घ्यावी यात एक मजा असते. बिनपॉलिशची, किलोला १३० प्रमाणं १,३०० रुपये. मी फोन काढला, स्कॅन केलं, आणि पडद्यावर ते चाक गरगर फिरत राहिलं. रेंज नव्हती. शेडच्या बाहेर जाऊन हात उंच करून बघितलं, बाभळीखाली जाऊन बघितलं. खिसे चाचपले, पाकीट लग्नातल्या आहेरानं रिकामं झालेलं, चाळीस-पन्नास रुपये असतील. मी म्हणालो, "घरी गेल्यावर टाकतो रे." पोरगा काही बोलला नाही. पिशवीचं तोंड त्याच्या हातात होतं, सुतळी अर्धी गुंडाळलेली. त्यानं एकदा पाटीकडं बघितलं, एकदा माझ्याकडं, आणि कानापर्यंत लाल झाला. सुतळी तशीच धरून उभा राहिला. मला वाईट वाटायला हवं होतं, पण आधी मी मनात म्हणालो, हा धंदा करणार.

मुकादम कधी आत आला कळलं नाही. त्यानं बंडीच्या आतल्या खिशातून प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळलेल्या नोटा काढल्या, तीन पाचशेच्या सुट्या केल्या आणि पोराच्या हातावर ठेवल्या. "दोनशे वापस दे," एवढंच बोलला. पिशवी उचलून गाडीत ठेवली. लातूर येईपर्यंत आम्ही पावसाबद्दल बोललो, त्याच्या नातवाच्या शाळेबद्दल बोललो, औशाजवळ थांबून उसाचा रस प्यायलो, त्याचेही पैसे त्यानंच दिले.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी ऑफिसात त्याला बोलावलं आणि पैसे दिले. तो उंबऱ्याच्या बाहेरच उभा होता. रसाचे वीस घेतले नाहीत, परत टेबलावर ठेवले. बाकीचे तेराशे त्यानं मोजले, पाठमोरा होऊन पुन्हा एकदा मोजले, आणि बारदान्याकडं गेला.